नख नातवाचं, पाय आजोबांचे

प्रश्न एका आईचा आहे, थोडक्यात सांगते. मुलगा चार वर्षांचा. गेल्या पावसाळ्यानंतर उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख टोकाकडून पिवळं पडू लागलं. आता ते जाड झालंय, कापताना खालून भुगा पडतो. शेजारच्या बोटाच्या नखाचा एक कोपराही तसाच दिसायला लागलाय. दुखत नाही, खाजत नाही, पोर दिवसभर हुंदडतंय. औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली, दोन महिने लावली, फरक नाही. आजी हळद-लिंबू लावते. कुणी म्हणतं कॅल्शियम कमी पडतंय, कुणी म्हणतं फंगस आहे, तीन महिने गोळ्या घ्याव्या लागतील. आईला धास्ती त्या गोळ्यांची. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं एक वाक्य: सासऱ्यांच्या पायाची नखंही अशीच आहेत, पण ती वयामुळे.

आधी उत्तर देते, कारणं मागून. गोळ्या आज सुरू करू नका. ती ट्यूब आजपासून बंद, हळद-लिंबूही बंद. त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन नखाचा नमुना तपासून घ्या. आणि जाताना आजोबांना बरोबर न्या. नुसतं सोबतीला नव्हे, त्यांचे पाय दाखवायला.

मी कोकणात, एका तालुक्याच्या गावी सव्वीस वर्षं त्वचेचे आजार बघते आहे. जुलै ते सप्टेंबर दवाखान्याबाहेरच्या बाकावर चिखल्या आणि गजकर्ण यांचीच रांग असते. दमट हवा, घाम, ओले बूट, बुरशीला लागतं ते सगळं इथे आहे. तरीसुद्धा सहा वर्षांखालच्या मुलाच्या नखात बुरशी तपासणीत दिसली, असं वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच वेळा घडतं. ‘फंगस झालंय’ म्हणून आणलेली मुलं मात्र त्याच्या कितीतरी पट असतात. हे माझ्या एकटीच्या दवाखान्याचं नाही. निरनिराळ्या देशांत मुलांच्या ज्या पाहण्या झाल्या, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी हे प्रमाण हजारात पाचांच्या आतच निघालं. वय वाढेल तसं ते चढत जातं.

कारण साधं आहे. मोठ्या माणसाच्या हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याच्या निम्मं किंवा त्याहून कमी. मुलांच्या नखांचा वेग याहून जास्त. बुरशी टोकाकडून आत सरकायला बघते, तोवर नख पुढे आलेलं असतं आणि रविवारी आईने कापून टाकलेलं असतं. शिवाय मुलाचं नख लहान आणि पातळ, वर्षानुवर्षं बुटाच्या टोकावर आपटून खिळखिळं झालेलं नसतं. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होऊन तिथून बुरशी नखाखाली शिरते, हा मोठ्यांमधला नेहमीचा रस्ता. तोही लहान मुलांत क्वचितच उघडा असतो.

म्हणून चार वर्षांच्या मुलाचं बिघडलेलं नख समोर आलं की माझ्या मनात पहिला प्रश्न ‘कुठलं औषध देऊ’ हा नसतो, ‘हे दुसरं काय असेल’ हा असतो.

पायाच्या अंगठ्यापुरतं बोलायचं तर सगळ्यात फसवं असतं ते जन्मापासून तिरकं बसलेलं नख. अंगठा सरळ, पण नख बाहेरच्या बाजूला वळलेलं. ते नीट पुढे सरकत नाही, मग जाड होतं, पिवळं-करडं पडतं, त्यावर आडव्या वळ्या येतात, कालवाच्या शिंपल्यासारखं दिसू लागतं. बघणारा हमखास बुरशी म्हणतो. अशी मुलं माझ्याकडे वर्षवर्ष मलम लावून येतात. ओळखायची खूण आईच्या आठवणीत असते: बाळ असतानाचे फोटो काढा आणि पायाचा अंगठा बघा. नख तेव्हापासून वळलेलं असेल, दोन्ही पायांना असेल, तर ते हे. पुष्कळ मुलांत वय वाढता वाढता ते आपोआप सरळ होत जातं. या मुलाचं नख गेल्या वर्षापर्यंत चांगलं होतं असं आई म्हणते, तेव्हा हे मागे पडतं. तरी फोटो बघाच.

दुसरं, ताप येऊन गेल्यावर गळणारी नखं. हाता-पायांवर आणि तोंडात फोड येणारा हँड-फूट-माउथ हा आजार आता बालवाड्यांत दर वर्षी फिरतो. २०२२ मध्ये केरळातून ‘टोमॅटो फ्लू’ म्हणून ज्याच्या बातम्या आल्या, तोही याच जातकुळीतला. फोड आठवड्यात बरे होतात, घरचे विसरूनही जातात. मग महिन्या-दोन महिन्यांनी नखं मुळाकडून सुटायला लागतात, एकामागून एक. आया रडत येतात. २००८ मध्ये फिनलंडमध्ये या आजाराची जी साथ आली होती, तिच्यात नखं गळणं इतकं दिसलं की ती त्या साथीची ओळखच ठरली. कॉक्ससॅकी विषाणूच्या ‘ए-६’ या प्रकाराचं ते काम. औषध काहीही लागत नाही, खालून नवं नख आलेलंच असतं. फरक लक्षात ठेवा: यात नख मुळाशी सुटतं, बुरशीत बहुधा टोकाशी बिघडायला लागतं.

तिसरं म्हणजे सगळीच नखं एकदम खरखरीत होणं, पॉलिशपेपरने घासल्यासारखी. वीसच्या वीस नखं बिघडली असतील तर ती बुरशी असण्याची शक्यता जवळजवळ नसतेच, बुरशी इतकी समदर्शी नाही. हे आपोआप बरं होणारं असू शकतं, किंवा त्यामागे सोरायसिस, लायकेन प्लॅनस, चाई यांतलं काहीतरी असतं. सोरायसिसच्या नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसतात, नखाखाली तेलाचा थेंब सांडल्यासारखा तांबूस डाग दिसतो. इथे माझी एक चूक कबूल करते. व्यवसायाच्या पहिल्या काही वर्षांत सहा वर्षांच्या एका मुलीला मी तपासणीशिवाय बुरशीचं औषध चालू केलं. तिचे वडील दर महिन्याला नव्वद किलोमीटरवरून एसटीने यायचे आणि त्यांना पुन्हा पुन्हा खेपा घालायला लावणं माझ्या जिवावर आलं, हे कारण. सात महिने झाले, नख तसंच. मग एके दिवशी तिचा भांग पाडून बघितला तर टाळूवर सोरायसिसचे पांढरे पापुद्रे. पहिल्याच दिवशी डोकं बघितलं असतं तर त्या माणसाच्या सात खेपा वाचल्या असत्या. तेव्हापासून नखाच्या प्रत्येक मुलाचं डोकं, कोपर, गुडघे आणि बेंबी मी बघतेच.

अंगठा चोखणाऱ्या मुलांचं वेगळंच. हाताचा अंगठा सतत ओला राहतो, नखाच्या कडेची कातडी सुजते, म्हणजे आपलं नखुरडं, आणि त्यातून नख वेडंवाकडं वाढतं. तिथे कँडिडा नावाची यीस्ट, म्हणजे एक बुरशीच, सापडते खरी, पण पुष्कळदा ती ओलीचा फायदा घेऊन राहायला आलेली पाहुणी असते. ओल थांबली की तीही जाते. अंगठा तोंडात जाणं थांबत नाही तोवर कुठलंही मलम टिकत नाही. हिरवट-काळं नख दिसलं तर ते बहुधा बॅक्टेरियाचं. आणि दोन वर्षांखालच्या बाळाच्या पायाची नखं पातळ आणि चमच्यासारखी खोलगट असतील तर सहसा काही करायचं नसतं. मूल फिकट, मलूल वाटत असेल तर हिमोग्लोबिन बघावं, एवढंच.

कॅल्शियमचा विषय निघालाच आहे तर तोही संपवते. नखांवरचे पांढरे ठिपके कॅल्शियमच्या कमतरतेने येत नाहीत, नखाच्या मुळाशी बसलेल्या बारीकसारीक माराने येतात. लहानपणी बगळ्यांचा थवा दिसला की आम्ही नखांवर नखं घासत त्यांच्याकडे कवडी मागायचो आणि नंतर ठिपका उमटला की बगळ्याने दिली म्हणायचो. ते शास्त्र कॅल्शियमच्या बाटलीपेक्षा स्वस्त होतं.

आता या मुलाकडे येऊ. बिघाड टोकाकडून सुरू झालेला. एकाच पायाला. नखाखाली भुगा. मग शेजारचं बोट. पावसाळ्यानंतर. यातली प्रत्येक गोष्ट बुरशीकडे बोट दाखवते, आणि घरात तशाच नखांचं मोठं माणूस आहे. त्यामुळे मला विचाराल तर ही खरोखरच बुरशी असण्याची शक्यता नेहमीपेक्षा बरीच जास्त वाटते. पण वाटणं वेगळं आणि दिसणं वेगळं. सहा-आठ महिने चालणारं औषध वाटण्यावर सुरू करू नये.

नमुना कसा घेतात ते आईवडिलांना माहीत असावं, कारण निम्मी गडबड तिथेच होते. नखाचं पुढचं टोक कापून दिलं तर त्यात बहुतेक वेळा मेलेली बुरशी आणि बाहेरची धूळच असते. टोक कापून टाकायचं आणि त्याखालचा भुगा खरवडून घ्यायचा, तोही जितका आतून मिळेल तितका, जिथे बिघडलेलं नख चांगल्या नखाला भेटतं तिथला. दुखत नाही. मूल आईच्या मांडीवर बसून मोबाईल बघत असताना होऊन जातं. हा भुगा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावात ठेवतात, प्रयोगशाळेतली मंडळी त्याला ‘केओएच’ म्हणतात. कातडीचा नमुना त्यात वीस मिनिटांत विरघळतो, नखाला काही तास लागतात, पुष्कळदा रात्रभर ठेवावं लागतं. म्हणून नखाचा रिपोर्ट कुणी पाच मिनिटांत हातात ठेवला तर मी जरा शंकेनेच बघते. बुरशी असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली फांद्या फुटलेले, मधे आडव्या भिंती असलेले धागे दिसतात.

याच भुग्याचा थोडा भाग कल्चरला पाठवतात. ज्या खाद्यावर ही बुरशी वाढवतात त्याला साबुरोचं नाव आहे. हे साबुरो म्हणजे पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात मुलांच्या डोक्यातल्या गजकर्णावर आयुष्य घालवलेले डॉक्टर. शंभराहून जास्त वर्षं झाली, अजून त्यांचंच खाद्य चालतं. वाढ व्हायला तीन ते चार आठवडे जातात. तोवर थांबायचं. नखाची बुरशी हा काही धावपळ करायचा आजार नव्हे.

या दोन्ही तपासण्या खरी बुरशी असतानाही बऱ्याचदा कोऱ्या येतात. म्हणून एक रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ आला की विषय संपला असं नाही. नख बघून दाट संशय असेल तर मी पुन्हा नमुना घेते, किंवा नखाचा कापलेला तुकडा पॅथॉलॉजीकडे ‘पीएएस’ नावाच्या रंगासाठी पाठवते, त्यात बुरशी गुलाबी-किरमिजी उठून दिसते. बुरशीचं कुठलंही मलम चालू असताना नमुना दिला तर तो कोरा येण्याची शक्यता आणखी वाढते. ट्यूब आजपासून बंद करा म्हणाले त्याचं एक कारण हे. दोन-चार आठवडे काहीही न लावता मग तपासणीला जा.

दुसरं कारण त्या ट्यूबच्या पोटात आहे. डबी बघा, त्यावर तीन-चार नावं असतील. बुरशीचं औषध, जिवाणूंचं औषध, आणि त्यांच्या जोडीला क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांच्यापैकी एखादं. ते शेवटचं स्टेरॉइड. खाज आणि लाली दोन दिवसांत पळते म्हणून या ट्यूबा खपतात, पण बुरशी आत मोकळी सुटते आणि मुलाची कोवळी कातडी पातळ होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉइडची कित्येक मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा यादीत घातली. काउंटरवर काय चालतं ते तुम्हीही बघता. नखाच्या बाबतीत तर या ट्यूबचा उपयोगच नाही, साधं मलम नखाच्या थरातून पुरेसं आत जातच नाही.

लिंबाचं म्हणाल तर आजीचा हेतू चांगला आहे, पण नखाच्या कडेला चीर असेल तर लिंबाने ती भाजते आणि तिथून पू धरतो. हळदीने नख आणखी पिवळं होतं आणि डॉक्टरला रंगावरून काही कळेनासं होतं.

आता आजोबा. ‘वयामुळे’ हा शब्द मी जितक्या वेळा ऐकते तितक्या वेळा मला त्या घरातल्या सगळ्यांचे पाय बघावेसे वाटतात. म्हातारपणी नखं जाड होतात हे खरं, आणि प्रत्येक म्हाताऱ्या जाड नखात बुरशी असतेच असंही नाही. पण आजोबांचा तळवा उलटा करून बघा. कडेने, टाचेभोवती पीठ भुरभुरल्यासारखा पांढरट कोंडा आहे का? घरच्यांना ते कोरडेपण किंवा भेगा वाटतात, व्हॅसलीन लावत राहतात. पुष्कळदा तीच बुरशी असते, ट्रायकोफायटन रुब्रम नावाची, आणि ती खाजतही नाही. कधी दोन्ही पाय आणि एकच हात असा विचित्र हिशेब दिसतो. वीस वर्षं ती त्या पायांवर गुण्यागोविंदाने नांदते. लहान मुलाच्या नखात सापडते तीही बहुतेक वेळा हीच, आणि घरातल्या मोठ्या माणसाकडून आलेली. काही घराण्यांत ती पिढ्यान्‌पिढ्या दिसते, तेव्हा काही जणांची कातडीच तिला लवकर थारा देते असंही मानतात.

कशी येते? मोठ्यांच्या चपला घालून अंगणभर फटक फटक चालणं हा प्रत्येक चार वर्षांच्या पोराचा आवडता उद्योग, आणि त्यात आजोबांच्या चपला पहिल्या. मोरीतलं पायपुसणं सगळ्यांचं एक. आणि नेलकटर! आपल्याकडे घरात एकच नेलकटर असतं, ते फ्रीजवरच्या डब्यात किंवा देवघराच्या खणात, आणि रविवारी सकाळी ते आजोबांच्या अंगठ्यापासून सुरू होऊन नातवाच्या करंगळीपर्यंत येतं. एका कुटुंबात मी दोन वेळा मुलाचं नख बरं केलं आणि दोन्ही वेळा वर्षभरात परत आलं. तिसऱ्या वेळी वडिलांना बूट काढायला लावले. ते एका कारखान्यात बारा तास गमबूट घालून काम करायचे. त्यांचा इलाज झाला, मग मुलाचंही टिकलं.

म्हणून आजोबांचा नमुनाही मुलाबरोबरच तपासायला द्या. त्यांच्यात बुरशी निघाली तर औषध त्यांनाही, पण त्यांचं औषध ठरवताना साखर, लिव्हर आणि रोजच्या बाकीच्या गोळ्या बघाव्या लागतात. म्हणजे नातवाची चिठ्ठी आजोबांना चालणार नाही, आणि आजोबांची नातवाला तर मुळीच नाही.

समजा बुरशी सिद्ध झाली. लहान मुलांत एक फायदा असतो: नख पातळ आणि भराभर वाढणारं. त्यामुळे मोठ्या माणसांत ज्या लावायच्या औषधांवर माझा फारसा भरवसा नसतो, ती मुलांत चांगली लागू पडतात. एक-दोन नखं, टोकाकडचा भाग, मूळ शाबूत, अशी स्थिती असेल तर मी लॅकरनेच, म्हणजे नेलपॉलिशसारखं नखावर लावायच्या औषधानेच, सुरुवात करते. अमोरॉल्फिन ५ टक्के आठवड्यातून एक-दोनदा, किंवा सायक्लोपिरॉक्स ८ टक्के रोज. लावण्याआधी नख हलकेच घासायचं. त्यासाठीची कानस वेगळी ठेवायची, चांगल्या नखाला लावायची नाही. लावल्यावर वाळेपर्यंत पाय मांडीवर धरून बसायचं, कारण या वयात पाय तोंडात जायला वेळ लागत नाही. अमेरिकेत २०१४ मध्ये इफिनाकोनाझोल आणि टॅव्हाबोरोल ही दोन नवी लावायची औषधं आली, पुढे त्यांना सहा वर्षं आणि त्यावरच्या मुलांसाठी मंजुरी मिळाली. चार वर्षांचं मूल त्या कागदी हिशेबातही बसत नाही. इतक्या लहान वयात नखाच्या बुरशीसाठी जे काही देतो ते अनुभवावर आणि जबाबदारीवर. हे डॉक्टरने तुम्हाला स्पष्ट सांगायला हवं आणि तुम्ही विचारायला हवं.

गोळ्यांची भीती घालवण्यासाठी दोन शब्द, कारण काही मुलांना त्या लागतात: नख मुळापर्यंत गेलेलं असेल, तीन-चार नखं असतील, लॅकर सहा महिने नेमाने लावूनही फरक नसेल, किंवा डोक्यातही गजकर्ण असेल. टर्बिनाफिन ही बुरशीवरची गोळी मुलांना अनोळखी नाही. डोक्यातल्या गजकर्णासाठी चार वर्षांपासूनच्या मुलांना ते देण्याची मंजुरी अमेरिकेत २००७ मध्ये मिळाली. हाताच्या नखांना साधारण सहा आठवडे, पायाच्या नखांना बारा. बुरशीवरच्या दुसऱ्या औषधांपैकी इट्राकोनाझोल महिन्यातला एक आठवडा देऊन बाकीचे दिवस थांबतात, फ्लुकोनाझोल आठवड्यातून एकदा. मात्रा मी इथे मुद्दाम लिहीत नाही. ती वजनावर ठरते आणि लिहिली की कुणीतरी मोठ्यांची गोळी सुरीने चार तुकडे करून देतं, हे मी पाहिलेलं आहे. सुरू करण्याआधी लिव्हरची तपासणी करून घ्यावी असं माझं मत. भूक एकदम गेली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दाखवायचं. काही मुलांची चव काही दिवस जाते, आवडीचं खाणंही नको म्हणतात. औषध थांबल्यावर बहुधा चव परत येते.

आपल्याकडे गेल्या काही वर्षांत एक नवी डोकेदुखी आली आहे. टर्बिनाफिनला दाद न देणारी बुरशी. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी तिला ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नाव दिलं. ज्या रुग्णांमध्ये ती त्यांना सापडली त्यात एक भारतीय आणि एक नेपाळी होता, नावात आपला देश आला तो असा. ती मुख्यतः कातडीवर पसरते, नखात कमी. पण घरात कुणाला वर्षभर न हटणारा गजकर्ण असेल तर ते डॉक्टरला सांगा, औषध निवडताना त्याचा विचार करावा लागतो, आणि कल्चरचे ते चार आठवडे अशा वेळी वाया जात नाहीत.

घरी करायच्या गोष्टींत नेलकटर सगळ्यात वर. आजोबांचं वेगळं, मुलाचं वेगळं, आणि मुलाच्या नेलकटरनेही आधी चांगली नखं, शेवटी बिघडलेली, मग साबणाने धुऊन वाळवायचं. पाय धुतल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करायला जुन्या मऊ सुती कपड्याचा तुकडा मुलाचा स्वतःचा. पावसाळ्यात शाळेचे बूट दोन जोड शक्य असतील तर फार उत्तम, एक वाळतो तोवर दुसरा. ते परवडत नसेल तर रात्री बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवा, सकाळपर्यंत बरीच ओल शोषली जाते. ओले मोजे वर्गात काढून बसू द्यावं म्हणून बाईंना चिठ्ठी द्या; बहुतेक शाळा ऐकतात, काही गणवेशाचा नियम दाखवतात, तिथे सरळ सॅंडल घालून पाठवा. आणि पुढच्या वर्षी पुरावेत म्हणून दोन नंबर मोठे किंवा गेल्या वर्षीचे काढायचे म्हणून आवळ बूट नकोत. दोन्हींत अंगठ्याचं नखच मार खातं. मुलाला शाळेतून घरी बसवायची गरज नाही, खेळायला बंदी नाही, वेगळं झोपवायची तर अजिबात नाही.

थोडक्या वेळात दाखवायला हवं अशी लक्षणंही आहेत. नखाच्या मुळाशी पांढरा डाग पडून तो पुढे सरकत असेल, किंवा नखांबरोबर तोंडात सारखा पांढरा थर येत असेल, तर प्रतिकारशक्तीची तपासणी लागते. डाउन सिंड्रोम असलेल्या, मधुमेह असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेल्या मुलांत बुरशी जास्त आढळते, तिथे वाट बघू नका. नखाची कड लाल, गरम, ठणकणारी झाली तर तो पू आहे, त्याच दिवशी जा. नखाखाली एकच काळी-तपकिरी उभी रेघ उमटून रुंद होत असेल तर तीही दाखवून घ्या. मुलांत ती बहुधा साधीच निघते.

औषध सुरू झालं की बरं होतंय का हे रंगावरून ठरवू नका. बिघडलेला भाग पुन्हा चांगला होत नाही, तो फक्त पुढे ढकलला जातो. बघायचं ते मुळाकडे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, त्याच खिडकीच्या उजेडात, अंगठ्याचा फोटो काढा. दोन महिन्यांनी मुळाशी स्वच्छ, गुलाबी नखाची पट्टी दिसली आणि ती महिन्यागणिक रुंद होत गेली तर औषध लागू पडलंय. पूर्ण नख यायला मुलाचं असलं तरी आठ-दहा महिने धरा. आजोबांचं वर्ष-दीड वर्ष. मधेच ‘आता बरं दिसतंय’ म्हणून थांबवलेलं नख पुढच्या श्रावणात परत माझ्या टेबलावर येतं.

राहता राहिला आजोबांना न्यायचा प्रश्न. ‘मला काय धाड भरलीये’ म्हणतील. त्यांच्या नखांचा विषयच काढू नका. नातू तुमच्याशिवाय डॉक्टरकडे रडतो, तुम्ही मांडीवर घेऊन बसलात तर नख खरवडू देईल, एवढंच सांगा. ते खरंही आहे. आमच्या दवाखान्यात चपला दाराबाहेर काढाव्या लागतात, पुढचं मी बघते.